टेरा होटला कोण येणार?

(दृश्य: संध्याकाळ. इंडियाना स्टेटच्या हलमन सेंटरचं रिकामं मैदान, छतावर निम्मेच दिवे लागलेले.)

17 मार्च 2024, रविवार. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलवर जीव असलेली माणसं या संध्याकाळी टीव्हीसमोरून हलत नाहीत. आज सिलेक्शन संडे. राष्ट्रीय स्पर्धेतल्या, म्हणजे मार्च मॅडनेसच्या, 68 संघांची नावं आज जाहीर होणार.

इंडियाना राज्याच्या पश्चिम टोकाला, वॉबाश नदीच्या काठी टेरा होट नावाचं साठेक हजार वस्तीचं शहर आहे. इथल्या इंडियाना स्टेट विद्यापीठाचा संघ तोवर 28 सामने जिंकला होता आणि फक्त 6 हरला होता. देशभरात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. त्यांच्या अधिकृत क्रमवारीत हा संघ पहिल्या 30 मध्ये होता.

68 नावं वाचून झाली. त्यात इंडियाना स्टेट नव्हतं.

तिसांच्या आतला संघ बाहेर आणि पन्नाशीच्या पलीकडचा व्हर्जिनिया आत, असं त्या रात्री घडलं. व्हर्जिनियाने काही लबाडी केली नव्हती. तो एसीसी या बड्या कॉन्फरन्समधला संघ, आणि इंडियाना स्टेट मिसुरी व्हॅलीमधला. आपली आजची गोष्ट या मिसुरी व्हॅलीची. तिचे चाहते तिला नुसतं 'द व्हॅली' म्हणतात.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातले संघ मोसमभर एकमेकांशी खेळतात आणि शेवटी गटाची स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला मार्च मॅडनेसमध्ये थेट जागा मिळते. उरलेल्या 36-37 जागा एक समिती वाटते. ज्या कॉन्फरन्सकडे फुटबॉलचा आणि टीव्हीचा पैसा आहे त्या बड्या, म्हणजे मेजर. पैसा नाही पण खेळ आहे, अशांना मिड-मेजर म्हणतात. व्हॅली, अटलांटिक 10, वेस्ट कोस्ट, माउंटन वेस्ट ही त्यातली नेहमीची नावं. यांच्यात सरस कोण, यावर इथे वर्षानुवर्षं वाद चालतो. माझं म्हणणं असं की त्या वादाच्या आधी काटा कोणाच्या हातात आहे ते बघायला हवं.

(दृश्य: कागदावर चार रकाने आखले जात आहेत.)

संघांची क्रमवारी लावणाऱ्या या काट्याचं नाव नेट. 2018-19 च्या मोसमापासून तो आला. त्याआधी आरपीआय होता. तुम्ही किती जिंकलात, तुमचे प्रतिस्पर्धी किती जिंकले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी किती जिंकले, एवढंच तो पाहायचा. नेट चेंडूच्या दर ताब्यामागे तुम्ही किती गुण केले आणि किती दिले हेही पाहतो. इथवर ठीक आहे. खरी गोम पुढच्या वाटणीत आहे. समितीसमोर प्रत्येक संघाचे निकाल चार क्वाडमध्ये, चार रकान्यांत, मांडलेले असतात. पहिल्या रकान्यातल्या विजयाचं मोल सगळ्यात जास्त. घरच्या मैदानावर खेळत असाल, तर समोरचा संघ पहिल्या 30 मधला हवा. तटस्थ मैदानावर पहिल्या 50 मधला चालतो, आणि परक्या मैदानावर पहिल्या 75 मधला.

आता टेरा होटमध्ये बसून हा हिशोब करा. पहिल्या 30 मधला कोणता संघ बस करून इथे खेळायला येईल? जिंकला तर त्याला फारसं काही मिळत नाही, आणि हरला तर मोसमभर डाग राहतो. बडे संघ दुबळ्यांना हजारो डॉलर मोजून आपल्या घरी बोलावतात, हरवतात आणि परत पाठवतात. पण व्हॅलीतला चांगला संघ त्यांना त्या कामासाठीही नको असतो, कारण तो जिंकून जाऊ शकतो. मग उरतात व्हॅलीतलेच 20 सामने. त्यातले बहुतेक तिसऱ्या-चौथ्या रकान्यात पडतात. 20 पैकी 17 जिंकले तरी ते तीन पराभव डोळ्यांत खुपतात. इंडियाना स्टेटचं नेमकं हेच झालं.

याच काट्यावर माउंटन वेस्ट कशी वर गेली पाहा. त्याच 2024 मध्ये तिच्या 11 पैकी 6 संघांना जागा मिळाल्या. सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, कॉलोराडो स्टेट असे पाच-सहा संघ एकाच वेळी पहिल्या 75 मध्ये असले की त्यांचा आपसातला जवळपास प्रत्येक परका सामना पहिल्या रकान्यात जातो. एकमेकांना हरवूनच ते एकमेकांना वर ढकलतात. यात गैर काही नाही. सॅन डिएगो स्टेट 2023 मध्ये थेट अंतिम सामन्यात पोचला होता. पण त्या सहांपैकी पहिल्या 16 मध्ये पोचला तो एकटा सॅन डिएगो स्टेट, हेही नोंदवायला हवं.

वेस्ट कोस्टचं गणित वेगळं. तिथे तेव्हा गोन्झागा होता. 2017 आणि 2021 मध्ये अंतिम सामना खेळलेला, वर्षानुवर्षं न चुकता स्पर्धेत येणारा संघ. सोबतीला सेंट मेरीज. बाकीचे त्या दोघांच्या सावलीत. अटलांटिक 10 ने 2014 मध्ये 6 जागा मिळवल्या होत्या, 2025 मध्ये तिला एकच मिळाली.

व्हॅलीकडे गोन्झागा नाही. तिच्यात दर काही वर्षांनी वेगळंच गाव उठून उभं राहतं, आणि मला ती याच कारणासाठी आवडते. एका घराण्याच्या जोरावर कॉन्फरन्स मोठी दिसणं वेगळं. इथे सदर्न इलिनॉय, ब्रॅडली, नॉर्दर्न आयोवा, विचिटा स्टेट, लोयोला, ड्रेक हे एकामागून एक पुढे आले.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

व्हॅलीची स्थापना 1907 ची. देशातल्या सर्वोच्च श्रेणीतली (डिव्हिजन वन) दुसऱ्या क्रमांकाची जुनी कॉन्फरन्स. सुरुवातीला तिच्यात कॅन्सस, मिसुरी, नेब्रास्का होते. 1928 मध्ये ही मोठी विद्यापीठं बाहेर पडली आणि त्यांनी स्वतःचा गट काढला. तिथून सुरू झालेली गळती थांबलेलीच नाही. ओक्लाहोमा ए अँड एमने 1945 आणि 1946 ची राष्ट्रीय विजेतेपदं व्हॅलीत असताना जिंकली, पुढे तेही गेलं. सिनसिनाटीने 1961 आणि 1962 ची जिंकली, तेही गेलं. लुइव्हिल 1975 मध्ये गेलं.

1979 मध्ये मात्र सगळा देश व्हॅलीकडे बघत होता. लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट 33 सामने खेळून एकही न हरता अंतिम फेरीत आला. समोर मॅजिक जॉन्सनचा मिशिगन स्टेट. 75-64 असा बर्डचा संघ हरला. कॉलेज बास्केटबॉलच्या कुठल्याही सामन्याला त्या रात्रीएवढं टीव्ही रेटिंग त्यानंतर मिळालेलं नाही.

2006 मध्ये समितीने व्हॅलीला चार जागा दिल्या, एसीसीएवढ्याच. सीबीएस वाहिनीवर त्याच संध्याकाळी समितीच्या अध्यक्षांना याचा जाब विचारला गेला. उत्तर मैदानावर मिळालं. आपल्या विभागात तेरावं मानांकन असलेल्या (पहिलं सगळ्यात बलाढ्य, सोळावं सगळ्यात दुबळं) ब्रॅडलीने कॅन्ससला हरवलं, मग पिट्सबर्गला. विचिटा स्टेटने दुसरं मानांकन असलेल्या टेनेसीला घरी पाठवलं. चारपैकी दोन संघ पहिल्या 16 मध्ये. आणि त्याच वर्षी आरपीआयमध्ये 21 व्या क्रमांकावर असलेल्या मिसुरी स्टेटला जागाच मिळाली नव्हती. म्हणजे नेट येण्याच्या बारा वर्षं आधीही काटा व्हॅलीकडे आला की अडखळायचाच.

(दृश्य: शॉट क्लॉकचे लाल आकडे.)

20 मार्च 2010, ओक्लाहोमा सिटी. समोर पुन्हा कॅन्सस, स्पर्धेतलं सर्वोच्च मानांकन. नॉर्दर्न आयोवा एका गुणाने पुढे, 63-62. सामन्याची पस्तीसेक सेकंद बाकी. चेंडू अली फारोखमनेशच्या हातात येतो. तो तीन गुणांच्या रेषेबाहेर उजवीकडे उभा आहे, आसपास कोणी नाही. शॉट क्लॉकवर, म्हणजे चेंडू टाकायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर, भरपूर वेळ आहे. अशा वेळी चेंडू धरून ठेवायचा आणि वेळ खायचा, हे शाळेतल्या पोरालाही शिकवलेलं असतं. तो क्षणभर थबकतो. कॅन्ससचा खेळाडू मागे सरकतो. आणि फारोखमनेश चेंडू टाकतो. 66-62. सामना 69-67 ने व्हॅलीचा.

तो एक क्षणाचा थबका मी कितीतरी वेळा पाहिला आहे. दर वेळी वाटतं, आता हा थांबणार.

2013 मध्ये नववं मानांकन असलेल्या विचिटा स्टेटने वेस्ट कोस्टच्या गोन्झागाला, तेव्हाच्या पहिल्या मानांकनाला, 76-70 ने हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. पुढच्या मोसमात सलग 35 सामने जिंकून हा संघ केंटकीकडून 78-76 ने हरला. 2018 मध्ये लोयोला शिकागो. पहिले तीन सामने मिळून फक्त चार गुणांच्या फरकाने जिंकले, 2, 1 आणि 1. त्यातला तिसरा माउंटन वेस्टच्या नेवाडाविरुद्ध. बाकावरच्या पोरांएवढीच संघासाठी प्रार्थना करणारी व्हीलचेअरवरची 98 वर्षांची नन सिस्टर जीन देशाला पाठ झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये, वयाच्या 106 व्या वर्षी, त्या गेल्या.

पाच वर्षांत दोन वेगळे संघ उपांत्य फेरीत. त्या काळात वेस्ट कोस्टचा एकच संघ तिथवर पोचला, गोन्झागा. माउंटन वेस्टचा एकही नाही. मिड-मेजर कॉन्फरन्सची तुलना करायचीच तर ही करा.

पण विचिटा स्टेटला या सगळ्याचं फळ काय मिळालं? 2017 मध्ये 30 विजय आणि 4 पराभव असताना समितीने त्यांना दहावं मानांकन दिलं. महिनाभरात त्यांनी व्हॅली सोडायचं ठरवलं. क्रेटन 2013 मध्येच गेलं होतं. लोयोला 2022 मध्ये अटलांटिक 10 मध्ये गेलं. त्यांना दोष कसा द्यायचा? राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे कॉन्फरन्सला साधारण 20 लाख डॉलर सहा वर्षांत मिळतात. ज्या गटाला जास्त जागा, त्याला जास्त पैसा. जास्त पैसा, तर चांगले प्रशिक्षक, आणि पुन्हा जास्त जागा. 2025 मध्ये एसईसी या बड्या कॉन्फरन्सच्या 16 पैकी 14 संघांना जागा मिळाल्या. व्हॅलीला 2021 नंतर एका वर्षी एकाहून जास्त मिळालेली नाही.

आता विद्यापीठ जायचीही वाट बघावी लागत नाही. खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याचे, म्हणजे ट्रान्सफरचे, नियम सैल झाले, खेळाडूंना पैसे मिळू लागले. ते मिळायलाच हवे होते, घाम त्यांचाच आहे. पण त्यामुळे मार्चमध्ये चमकलेला संघ एप्रिलमध्ये रिकामा होतो. 2025 मध्ये ड्रेकने 31 सामने जिंकले, त्यात स्पर्धेतला मिसुरीविरुद्धचाही. प्रशिक्षक बेन मॅकॉलम लगेच आयोवाला गेले, खेळाडू बेनेट स्टर्ट्झ त्यांच्यामागोमाग. फारोखमनेश आता स्वतः प्रशिक्षक आहे, कॉलोराडो स्टेटचा.

या गावांत मराठी माणूसही आहे. व्हॅलीतलं इलिनॉय स्टेट ज्या नॉर्मल शहरात आहे, त्याला लागूनच ब्लूमिंग्टन. तिथे एका मोठ्या विमा कंपनीचं मुख्यालय आहे आणि त्या निमित्ताने स्थिरावलेली आपली घरं. त्यांच्यासाठी व्हॅली म्हणजे हिवाळ्यातल्या शनिवारी पोरांना घेऊन जायचं ठिकाण.

(दृश्य: पुन्हा हलमन सेंटर. या वेळी खच्चून भरलेलं.)

आता मार्च 2024 कडे परत. डावललेल्या संघांसाठी एनआयटी नावाची दुसरी स्पर्धा असते. तिथे इंडियाना स्टेटला वरचं मानांकन मिळालं, म्हणजे पहिले तीन सामने घरच्या मैदानावर. जे एरवी पत्र पाठवूनही आले नसते, त्यांना आता टेरा होटला यावं लागलं. एसएमयू आला, हरला. बिग टेन या बड्या कॉन्फरन्समधला मिनेसोटा आला, हरला. मग तशाच बड्या बिग 12 चा सिनसिनाटी आला. तोच, व्हॅलीत असताना दोनदा देशाचा विजेता झालेला सिनसिनाटी.

त्या मोसमात या मैदानावर बघायचं ते रॉबी अव्हिलाकडे. सहा फूट दहा इंच उंची, डोळ्यांवर जाड पट्ट्याचा चष्मा, पळताना जडच वाटणारा. पण चेंडू हातात आला की सगळा संघ त्याच्याभोवती फिरायचा. बास्केटखाली उभं राहायचं सोडून तो वर यायचा, बचावपटूला सोबत ओढून आणायचा, आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत धावणाऱ्या साथीदाराच्या बरोब्बर हातात चेंडू द्यायचा. चाहत्यांनी त्याला महान बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बारच्या नावावरून 'क्रीम अब्दुल-जब्बार' म्हणायला सुरुवात केली.

सिनसिनाटी 85-81 ने हरला. मग युटाविरुद्ध शंभर गुण. आणि 4 एप्रिलला अंतिम सामन्यात सीटन हॉलकडून दोन गुणांनी हार, 79-77. आत घेतलेला व्हर्जिनिया तोवर कधीच घरी गेला होता, पहिल्याच सामन्यात कॉलोराडो स्टेटकडून 67-42.

त्यानंतर काही दिवसांतच प्रशिक्षक जॉश शर्ट्झ अटलांटिक 10 मधल्या सेंट लुइस विद्यापीठात गेले. अव्हिलाही त्यांच्यामागे गेला. हे विद्यापीठही एकेकाळी व्हॅलीतलंच, 1974 पर्यंतचं.

व्हॅलीची आपली स्पर्धा 1991 पासून याच सेंट लुइस शहरात भरते. दर मार्चमध्ये टेरा होटहून, सीडर फॉल्सहून, पिओरियाहून बसगाड्या सेंट लुइसमध्ये येतात, गेटवे आर्च या कमानीखालच्या हॉटेलांत उतरतात, आणि चार दिवस एंटरप्राइझ सेंटरमध्ये एका जागेसाठी झुंजतात. तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर सेंट लुइस विद्यापीठाचं मैदान आहे. त्यानंतर अव्हिला तिथे खेळायचा.