चौथं वर्ष घ्यायचं का?

(दृश्य : महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेरचा सूचनाफलक. तृतीय वर्षाचा निकाल लागलाय, मोबाइलवर फोटो काढायला गर्दी.)

टी.वाय.चा निकाल लागला की पूर्वी घरात एकच प्रश्न असायचा, आता पुढे काय? हल्ली त्याच्याही आधी दुसरा येऊन बसतो. इथंच आणखी एक वर्ष काढायचं का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं २०२० साली, आणि तीन वर्षांच्या पदवीपुढे हवं तर घ्यायचं असं चौथं वर्ष आलं. महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांनी ते २०२३-२४ पासून लागू केलं, विद्यापीठांना संलग्न असलेल्या बाकीच्यांनी २०२४-२५ पासून. त्या हिशेबानं स्वायत्त महाविद्यालयांची पहिली तुकडी चौथ्या वर्षाशी येते ती २०२६-२७ मध्ये, तालुक्याच्या गावची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. मंडळी त्यानंतर वर्षभरानं. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर साधी पदवी. चौथं केलंत तर पदवीला ऑनर्स जोडलं जातं. आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील, वर १२ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप) संशोधन प्रकल्प पुरा केलात, तर ऑनर्स विथ रिसर्च.

दिल्ली विद्यापीठानं चार वर्षांची पदवी २०१३ मध्ये आणली, वर्षभरात गुंडाळली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली. तेव्हा आपल्याकडचे पालक जरा साशंक असतील, तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

(दृश्य : गुणपत्रिका जवळून. बोट एकेका ओळीवरून सरकतंय.)

मेजर, मायनर, ओ.ई., व्ही.एस.सी., एस.ई.सी., आय.के.एस. ही नव्या अभ्यासक्रमातल्या विषयगटांची नावं. पुणे विद्यापीठातून बी.ए. झालेल्या बापाला जी-टू, एस-वन, एस-टू ही जुन्या पेपरांची नावं तोंडपाठ असतात; लेकीची गुणपत्रिका मात्र तो उलटी-सुलटी करून बघतो आणि विचारतो, "यात पास कुठं लिहिलंय?" विचारतो ते बरोबरच आहे. कागदावरच्या या अक्षरांवरून कुणी चौथ्या वर्षाचा निर्णय घेऊ नये.

आधी साधा हिशेब करू. जुना रस्ता तीन अधिक दोन, बी.ए. आणि मग एम.ए. नवा रस्ता चार अधिक एक, कारण ऑनर्सवाल्याला एम.ए. एका वर्षात करता येतं. दोन्हीकडे पाचच वर्षं. इतकंच नाही, महाराष्ट्राच्या आराखड्यात ऑनर्सचं चौथं वर्ष आणि एम.ए.चं पहिलं वर्ष एकाच पातळीवर धरलंय. संशोधन पद्धतीचा पेपर दोन्हीकडे आहे. एम.ए. भाग एक करून थांबलात तर हातात पदव्युत्तर पदविका पडते, इथं थांबलात तर ऑनर्स.

म्हणजे एम.ए. करायचंच असेल, तर वर्ष वाचतंय की जातंय हा वाद फिजूल आहे. ते वर्ष कुठं घालवायचं, एवढंच ठरवायचं असतं.

(दृश्य : विभागाची खोली. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट. एक सर हेल्मेट उचलून निघतायत.)

हे सर तासिका तत्त्वावर (सी.एच.बी.) आहेत, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे. इथला तास संपला की पुढचा तास दुसऱ्या महाविद्यालयात. शिकवतात मन लावून. पण त्यांना दुपारी थांबून तुमच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचायला सांगणार कोण, आणि त्याचे पैसे देणार कोण? राज्यात प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या आहेत आणि कित्येक विभाग असेच चालतात. संशोधनासह ऑनर्स चालवायचं तर विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची अपेक्षा आहे. ती कागदावर भरून निघते की खरोखर, हे प्रॉस्पेक्टस वाचून कळत नाही. स्टाफरूममध्ये जाऊन विचारावं लागतं. माझा गाइड कोण? त्यांच्याकडे आणखी किती जण आहेत? मागच्या एम.ए.च्या पोरांचे प्रकल्प बघायला मिळतील का?

ते शेवटचं नक्की विचारा. कपाट उघडून कुणी दोन-चार प्रकल्प समोर ठेवले तर विभाग जिवंत आहे. किल्ली सापडेना झाली, तर काय ते समजा.

(दृश्य : एस.टी. स्टँड, सकाळची वेळ. पासवाल्या मुलींची रांग.)

इथवर ऐकून वाटेल की निघून जाणं बरं. सगळ्यांना ते जमत नाही. शहरात खोली, मेस, भाडं. आणि मुलगी असेल तर त्याहून मोठी अडचण म्हणजे घरून मिळणारी परवानगी. पदवी हातात पडली की स्थळं यायला लागतात. "झालं की ग्रॅज्युएशन" हे वाक्य किती जणींचं शिक्षण थांबवतं, ते तालुक्याच्या कुठल्याही प्राध्यापिकेला विचारा. अशा मुलीला त्याच एस.टी.च्या पासवर, त्याच गेटातून आणखी एक वर्ष जाता आलं, तर ते वर्ष मोलाचं आहे. तिच्या बाबतीत विभाग थोडा कमजोर असला तरी मी म्हणेन, घे. एका वर्षाच्या एम.ए.साठी बाहेर जायचं म्हटलं तर घरी समजूत घालणंही सोपं जातं. अर्थात तिच्या महाविद्यालयाला चौथ्या वर्षाची मान्यता असायला हवी, नाहीतर निवड तिची नसतेच. चौथ्या वर्षाची तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हेही आधी विचारून घ्यावं. फी त्यावर ठरते.

स्पर्धा परीक्षावाल्यांचं उत्तर छोटं आहे. राज्यसेवेला, यू.पी.एस.सी.ला, बँकेच्या पी.ओ.ला पदवी लागते, आणि तीन वर्षांची चालते. ऑनर्सला तिथं जादा गुण नाहीत. अमेरिकेत शिकायला जायचं असेल, तर तिथली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथं चौथं वर्ष कामी येतं.

ज्यांना प्राध्यापक व्हायचंय त्यांनी मात्र नीट ऐका, कारण इथं अर्धवट माहिती फार फिरते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं, आरक्षित गटांना पाच टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना नेटलाही (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) बसता येतं. पण ते नेट जे.आर.एफ. (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) आणि पीएच.डी. प्रवेशापुरतं. सहायक प्राध्यापक व्हायचं तर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली पदव्युत्तर पदवी मागते. "एम.ए. कशाला, डायरेक्ट पीएच.डी. कर" असं सांगणाऱ्याला हा मुद्दा जरूर विचारा.

(दृश्य : सायबर कॅफे. पडद्यावर अर्ज, शेजारी कागदपत्रांची फाइल.)

आता तारखांचं. हा निर्णय निकालानंतर जूनमध्ये घ्यायचा, असं सगळे धरून चालतात. पण आय.आय.टी.च्या एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या सत्रातच भरावे लागतात. केंद्रीय विद्यापीठांच्या सी.यू.ई.टी. पी.जी. या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे अर्ज हिवाळ्यात निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास. जूनमध्ये विचार करायला बसलेल्याच्या हातातून यातलं बरंच काही निघून गेलेलं असतं. मग चौथं वर्ष घेतलं असं म्हणायचं, पण खरं तर ते वाट्याला आलेलं असतं. टी.वाय.त जॅमचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता भरा, आणि सी.यू.ई.टी.चा निघाल्याबरोबर भरून टाका. फी जाईल थोडी. चौथ्या वर्षाची जागा त्यानं कुठं जात नाही, आणि जूनमध्ये निवडायला दोन गोष्टी तरी समोर असतील.