तक्रार द्यायची कुणाकडे?

(दृश्य : पणजी, कदंब बसस्थानक, पाऊस)

काखेत प्लास्टिकची पिशवी. तिच्यात अर्जाच्या प्रती आणि सरकारी इस्पितळातले कागद. चेहरा दाखवायचा नाही, गावाचं नाव घ्यायचं नाही, या अटीवर हे गृहस्थ बोलायला तयार झाले. मुलाला पोलिसांनी उचलून नेलं, मारलं, असं त्यांचं म्हणणं आहे.

(दृश्य : पणजी, आझाद मैदान, पोलीस मुख्यालय)

वरिष्ठांकडे तक्रार देता येतेच. पण मग पोलिसांची चौकशी पोलीसच करणार.

हे बदलण्याचा आदेश जुना आहे. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी पोलीस सुधारणांसाठी १९९६ मध्ये याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २२ सप्टेंबर २००६ रोजी. त्यातल्या सात निर्देशांपैकी एक असा, की तक्रारी ऐकायला पोलीस खात्याबाहेरचं प्राधिकरण हवं. राज्य पातळीवर त्याचे अध्यक्ष उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. नावं मुख्य न्यायमूर्तींनी सुचवायची, त्यातून सरकारनं निवड करायची. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार अशा तक्रारी इथल्या. गोव्यात असं प्राधिकरण २००७ मध्ये आलं. अनेक मोठ्या राज्यांच्या आधी, हेही सांगायला हवं.

(दृश्य : टेबलावर फायली, शिक्के)

प्राधिकरणाकडे अर्ज येतो, संबंधित अधिकाऱ्याला नोटीस जाते, त्याचं लेखी उत्तर येतं. स्टेशन डायरी, म्हणजे पोलीस स्थानकातली रोजची नोंदवही, मागवली जाते. मग दोन्ही बाजूंचं म्हणणं. सुनावणीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही.

(दृश्य : पोलीस स्थानकाचा व्हरांडा, छताजवळचा कॅमेरा, जवळून)

हा कॅमेरा नीट बघा. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं, की प्रत्येक पोलीस स्थानकात कॅमेरे हवेत : फाटकावर, कोठडीत, व्हरांड्यात, निरीक्षकाच्या खोलीतही. अंधारात दिसणारे, आवाज टिपणारे. चित्रीकरण अठरा महिने ठेवायचं, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष. म्हणून जाणकार सांगतात, पहिल्याच अर्जात तारीख आणि वेळ घाला आणि चित्रीकरण राखून ठेवायची मागणी करा. तक्रार रेंगाळली, की पुरावा पुसला जाण्याची भीती असते.

(दृश्य : खाकी सदरा, छातीवरची नावाची पट्टी)

अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा आदेश. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही हवी, तीही तेव्हाचीच अट. पिशवीतल्या कागदांत तो पंचनामा नाही.

(दृश्य : फाईल बंद होते)

प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही. विभागीय चौकशी करा, गुन्हा नोंदवा, असं सांगतं. ते बंधनकारक असावं, असं २००६ च्या निकालात लिहिलेलं आहे. पुढची कारवाई मात्र पुन्हा खात्याच्याच हातात.