अविनाशीपण आणि वर्गणीचा हिशेब

मंडळी, अविनाशीपण म्हटलं की अनेकांना जुना गोवा आठवतो. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले. न कुजलेला मानला जाणारा त्यांचा देह आज गोव्यात आहे आणि दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी बाहेर आणतात. त्या श्रद्धेचा मान राखूनच सांगतो, बायबलमधला प्रेषित पौल ज्याबद्दल बोलतो ते अविनाशीपण हे नव्हे.

त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय काढा. तिथे जपून ठेवलेल्या देहाचा विषयच नाही, पेरलेल्या दाण्याचा आहे. दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही, असं पौल जरा चिडूनच सुनावतो. विदर्भात हे समजावून सांगायची गरज नाही. डब्यातली सरकी शाबूत राहते, पण तिला बोंड धरत नाही.

आपलं शहर दीक्षाभूमीचं. सगळं अनित्य आहे, हे इथे घराघरांत ऐकायला मिळतं. दिसणारं सारं क्षणिक, इथवर पौलही येतो. पुढे वाटा वेगळ्या होतात. त्या ओढूनताणून एक करण्यात मला रस नाही.

सहाव्या शतकात ख्रिस्ताच्या शरीराच्या अविनाशीपणावरून मोठं भांडण झालं. हालिकार्नाससचा ज्युलियन आणि अंत्युखियाचा सेव्हेरस, दोघे एकाच पक्षाचे बिशप. ५१८ मध्ये रोमन सम्राट बदलला, दोघांची पदं गेली आणि दोघेही इजिप्तला आश्रयाला आले. तिथे जुंपली. ज्युलियन म्हणे, ख्रिस्ताचं शरीर गर्भापासूनच अविनाशी. भूक, वेदना त्याने स्वेच्छेने पत्करल्या, शरीराच्या स्वभावाने त्या आल्या नाहीत. सेव्हेरस म्हणे, छे! भूक, थकवा, मरण आपल्यासारखंच. पाप तेवढं नाही. अविनाशीपण आलं ते पुनरुत्थानात. उतारवयात सम्राट जस्टिनियन ज्युलियनच्या मताकडे झुकला. राजांना असली मतं आवडतातच. मी सेव्हेरसच्या बाजूचा. ज्याला इजा होऊच शकत नाही, त्याच्या सोसण्याचं मोल काय करायचं?

नीतीतही हेच. रोमकरांस पत्रात अविनाशीपण शोधणारे कोण, तर धीराने सत्कर्म करत राहणारे. आणि आपल्या कचेऱ्यांत एक साहेब असतोच. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितो, पण सही करत नाही. न जाणो, उद्या चौकशी लागली तर! एखाद्या विधवेचं पेन्शन त्याच्या टेबलावर अडून बसतं आणि लोक म्हणतात, 'माणूस स्वच्छ आहे हो.' मला हा स्वच्छपणा पटत नाही. त्याने सही करावी आणि चौकशीलाही सामोरं जावं.

पौलाने ते केलं. पुनरुत्थानाचा तो भव्य अध्याय संपतो आणि पुढचा सुरू होतो थेट वर्गणीने. यरुशलेमच्या गरजूंसाठी दर आठवड्याला थोडं बाजूला काढा, म्हणतो. मग ते पैसे पोचवायचे कुणी? तुम्ही पारखून निवडाल ती माणसं पत्रं घेऊन जातील. मी जाणं योग्य ठरलं, तर तीच माणसं माझ्यासोबत येतील.