मसाई माराच्या काळ्या मातीत

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांना सफारी म्हटले की आधी जंगल आठवत नाही, तर लग्नाकार्यासाठी मुद्दाम शिवून घेतलेला, चार खिशांचा तो पोशाख आठवतो, जो पुढे साहेबांच्या अंगरक्षकांच्या वाट्याला गेला. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत मात्र सफारी म्हणजे प्रवास, साधा कुठलाही प्रवास. अरबीतल्या ‘सफर’ या शब्दापासून तो आला, म्हणजे आपल्या सफरीचा तो सख्खा भाऊच झाला. गाडीला तिथे ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’ म्हणतात आणि चपातीला चपातीच म्हणतात. व्यापारी आणि मजूर होऊन समुद्र ओलांडून गेलेल्या आपल्याकडच्या माणसांनी हे शब्द तिथे नेले. तेव्हा पहिल्यांदा केनियात उतरणाऱ्या मराठी माणसाच्या कानांना तिथली बोली अगदीच परकी वाटत नाही. परकी वाटते ती थंडी.

होय, थंडी. आफ्रिका म्हणजे रखरखीत ऊन, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले असते की सुती सदरे तेवढे घेऊन माणसे निघतात. आम्ही गेलो ते केनियातले मसाई मारा अभयारण्य विषुववृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेला असले, तरी ते समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटरांहून उंचावर आहे, आणि पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत उभे राहिल्यावर दातावर दात आपटतात. म्हणून स्वेटर घ्या. पुन्हा सांगतो, आफ्रिकेला जाताना स्वेटर घ्या.

आम्ही गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी, नववीतली मुलगी आणि परभणी जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावाहून आलेली माझी आत्या. आमच्याच गाडीत नाशिकचे एक जोडपे होते. सहाही जण पहिल्यांदाच जाणारे. आत्याचे वय त्रेसष्ट, सगळा जन्म कापसाच्या रानात गेलेला, आणि सिंहात तिला काडीचा रस नव्हता. भाच्याने पैसे भरले आहेत तर ते वाया कशाला घालवायचे, एवढ्याच हिशेबाने ती आली होती.

पहिल्यांदा जाणाऱ्याचा पहिला अपेक्षाभंग साधारणपणे त्या प्रसिद्ध स्थलांतराच्या बाबतीत होतो. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट, म्हणजे म्हशीचे तोंड आणि हरणाचे पाय असावेत अशी दिसणारी ती जनावरे, झेब्र्यांना सोबत घेऊन, पाऊस आणि कोवळे गवत यांच्या मागे वर्षभर फिरत असतात. टांझानियातले सेरेंगेटी आणि केनियातले मारा ही एकच सलग गवताळ भूमी असून मध्ये कुंपण नाही. मारा साधारण दीड हजार चौरस किलोमीटर, तर सेरेंगेटी त्याच्या जवळजवळ दहापट. कळप माऱ्याच्या बाजूला असतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर, आणि मगरींनी भरलेली मारा नदी ते ओलांडतात ती दृश्ये आपण दूरचित्रवाणीवर पाहिलेली असतात. दिवाळीपर्यंत बहुतेक कळप दक्षिणेला परतलेले असतात. आमच्या माहितीपत्रकावर नदीत उड्या घेणारे कळप छापलेले होते. आम्हाला नदीत दिसले ते पाणघोडे, आणि तेही बराच वेळ नुसत्या नाकपुड्यांपुरते.

दुसरे खूळ पाच प्राण्यांचे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही ‘बिग फाइव्ह’ नावाची यादी मुळात बंदूकवाल्या शिकाऱ्यांची आहे. पायी चालत शिकार करताना जे सर्वांत धोकादायक ठरत, ते हे पाच. केनियात शिकार बंद झाली, पण यादी राहिली, आणि आता प्रवासी तिच्यावर परीक्षेतल्या गुणांसारख्या खुणा करत फिरतात. आमच्या नाशिककर स्नेह्यांकडे तर ती छापील होती. ताडोब्यात वाघ दिसला नाही म्हणून सांबर, गवा, रानकुत्रे पाहूनही ‘काहीच दिसले नाही’ असे सांगत परतणारी माणसे आपण पाहतोच. तोच रोग विमानाने आफ्रिकेला जातो, एवढेच. या नादात वारुळावर चढून पहारेकऱ्यासारखा उभा असलेला, ज्याचे नावच टोपी आहे असा सुंदर कुरंग आमच्या गाडीने दोनदा न थांबता मागे टाकला. मला विचाराल तर अशा याद्या विमानतळावरच काढून घेतल्या पाहिजेत.

असो. आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण स्वीकारले, ती सांगतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जोराची सर येऊन गेली. नोव्हेंबर उजाडता उजाडता तिथला छोटा पावसाळा सुरू होतो. सर थांबल्यावर आम्ही निघालो. आमचे चालक हेच वाटाडेही होते, पन्नाशीचे, शांत, आणि आत्याला ते पहिल्या दिवसापासून ‘मामा’ म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. वडीलधाऱ्या बाईला आदराने असेच हाक मारतात. हे मी आत्याला समजावले होते, तरी ‘मला मामा कशापायी म्हणतोय हा?’ हा प्रश्न ती रोज सकाळी नव्याने विचारत असे.

बिनतारी संचावर निरोप आला की एका ओढ्यापलीकडच्या झुडपांत सिंहिणी आहेत. वाटेत उताराला एक सखल पट्टा लागला. मोकळ्या माळावर एकटीच उभी दिसतात ती हिंगणबेटाच्या जातीची झाडे, खाली भिजलेले गवत आणि गवतामधून गेलेली गाडीवाट. आत्या खिडकीशी बसली होती. तिने वाटेकडे पाहिले आणि मला कोपराने ढोसले.

‘त्याला म्हणावं ह्याच्यात गाडी घालू नको. ही आपली काळी हाय. धरून ठेवती ही.’

मी ते चालकांना सांगितले नाही. वीस वर्षे त्या रानात गाडी चालवणाऱ्या माणसाला परभणीहून पहिल्यांदाच आलेल्या बाईचा सल्ला काय सांगायचा, असे मला वाटले. पुढच्या दीड मिनिटात मागचे डावे चाक आसापर्यंत आत गेले. माऱ्याच्या सखल भागांत खरोखरच काळी कापसाची माती आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि भिजली की लोण्यासारखी होणारी, आपल्या मराठवाड्यातल्यासारखीच. चालकांनी गाडी पुढे-मागे करून पाहिली, तसे चाक आणखी बसले. मग त्यांनी यंत्र बंद केले, मागे वळले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, ‘पोले, मामा.’

‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू, एवढे आत्या शिकली होती. ती म्हणाली, ‘आता हळू म्हणून काय उपयोग?’ एकदाच म्हटलेल्या ‘पोले’चा अर्थ ‘वाईट वाटते, क्षमा करा’ असा होतो, हे मला नंतर कळले.

खाली उतरून चाकाखाली काही घालणे शक्य नव्हते, कारण सिंहिणी ज्या झुडपात असल्याचा निरोप होता, ते झुडूप आमच्यापासून शंभर पावलांवर होते. अभयारण्यात ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचे नसते, हा नियम मोडायचा विचारही त्या दिवशी कोणाच्या मनात आला नाही. मदतीसाठी दुसरी गाडी निघाली होती, पण तिला ओढा टाळून लांबच्या वाटेने यायचे होते. म्हणजे बसून राहायचे.

यंत्र बंद झाल्यावर पहिली दहा मिनिटे फार वाईट गेली. नाशिकच्या वहिनींना चालकांनी जाणूनबुजून गाडी रुतवली असे वाटू लागले, माझी मुलगी भ्रमणध्वनीला संदेशलहरी मिळतात का ते हात उंच करून पाहत होती, आणि मी मनात साडेसहाचा हिशेब करत होतो, कारण विषुववृत्तावर संधिप्रकाश रेंगाळत नाही, सूर्य गेला की अंधार पडतो. मग हळूहळू कान उघडले. गवतातून पाणी झिरपल्याचा आवाज येत होता. जवळच शेणकिडे आपल्याहून मोठे गोळे मागच्या पायांनी ढकलत होते आणि एकमेकांचे पळवत होते. दूर कुठेतरी झेब्रे ओरडले, आणि ते घोड्यासारखे न ओरडता चक्क कुत्र्यासारखे ओरडतात, हे आम्हाला तीन दिवसांत तेव्हा पहिल्यांदा कळले.

पावणेपाचला ढग फाटले, तिरपे ऊन आले, आणि झुडपातून एक सिंहीण उठून सरळ आमच्याकडे चालत आली. धावत नाही, दबकत नाही, बाजारातून घरी निघालेल्या बाईसारखी. चालक हलक्या आवाजात म्हणाले, बसून राहा, हात आत, बोलू नका. सिंहांना गाडी ही एकच मोठी वस्तू वाटते; कोणी उभे राहिले, हात बाहेर काढला, की त्या वस्तूचा आकार मोडतो. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो, उघड्या गाडीत प्राणी जवळ असताना उभे राहायचे नाही.

ती आली आणि गाडीच्या सावलीत, रुतलेल्या चाकाला पाठ लावून आडवी झाली. आत्याच्या खिडकीखाली, हाताच्या अंतरावर. गाडी किंचित हललेली आम्हा सर्वांना जाणवली. ओल्या केसांचा उग्र दर्प आत आला. कानाच्या कडेला गोचिड्या होत्या, नाकावर जुना व्रण होता, आणि पोटावर माशा बसल्या होत्या. आम्ही पाच जण श्वास धरून तिच्या जबड्याकडे पाहत होतो. आत्या पाहत होती तिच्या पोटाकडे.

बऱ्याच वेळाने ती माझ्या कानाशी पुटपुटली, ‘आरं, ही तर ओली बाळंतीण हाय. सड बघ. आत्ता पाजून उठलीय. लेकरं त्या झुडपातच असणार.’

या वेळी मात्र मी चूक केली नाही. चालकांना खुणेने आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले. त्यांनी वाकून खाली पाहिले. सडांभोवतीचे केस ओले होऊन चिकटले होते आणि बाकीचे अंग उन्हाने सुकू लागले होते. त्यांनी दुर्बीण उचलली, झुडपाच्या बुंध्याशी रोखली, मिनिटभर तशीच धरली, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मी विसरलेलो नाही. ‘वाटोटो,’ ते म्हणाले, ‘मामा, वाटोटो!’ म्हणजे मुले. त्यांनी दुर्बीण आधी आत्याच्या हातात दिली. तीन होते. ठिपके अजून न गेलेले, मांजराएवढे, एकमेकांच्या अंगावर चढणारे.

निरोप देणाऱ्यांना बछड्यांचा पत्ता नव्हता. वीस वर्षांच्या अनुभवी माणसालाही तो नव्हता. गाई-म्हशींची बाळंतपणे काढलेल्या बाईला तो एका नजरेत लागला.

पन्नास मिनिटे ती सिंहीण तिथे पडून होती. मग तिने घशातल्या घशात एक हलका हुंकार दिला, झुडपातून उत्तर आले, आणि ती उठून गेली. मदतीची गाडी येऊन झुडूप आणि आम्ही यांच्यामध्ये आडवी उभी राहिली, तेव्हाच चालक खाली उतरले. दोर बांधण्याआधी त्यांनी आत्याकडे पाहून मातीकडे बोट केले आणि काय करू असे विचारले. आत्याने हाताने दाखवले: गाडी सरळ ओढू नका, आधी चाकामागचा चिखल उपसा, पायातले रबरी पाय-पुसणे खाली सरकवा, मग तिरपे ओढा. त्यांनी तसेच केले. गाडी निघाली. फाटकावर आम्ही उशिरा पोहोचलो, तिथल्या रक्षकांना सगळी हकिगत चालकांनी स्वाहिलीत सांगितली, त्यात ‘मामा’ हा शब्द मी निदान आठ वेळा ऐकला.

नाशिककर स्नेह्यांच्या यादीत बिबट्या आणि गेंडा कोरेच राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी बिबट्या दिसला म्हणून खूण केली होती, पण तो चित्ता होता. आपल्याकडे वर्तमानपत्रेसुद्धा या दोघांत गोंधळ करतात. चित्त्याच्या अंगावरचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते. बिबट्याच्या ठिपक्यांची वर्तुळे पोकळ असतात. कोल्हापूर संस्थानात आफ्रिकेतून चित्ते आणून त्यांना काळविटांच्या शिकारीसाठी पाळत असत, तिथल्या जुन्या माणसांकडून हा गोंधळ खचितच झाला नसता.

काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण होत आहे, आणि प्रवासाची तयारी या विषयावर मला जे पाच मिनिटे बोलायचे होते, त्यातले अर्धे मिनिट उरले आहे. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, तेव्हा दशम्या आणि चटणी कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या, आणि डबा खिडकीपासून लांब ठेवा, माकडे खिडकीतून हात घालतात. सकाळच्या फेरीआधी चहा बेताने घ्या. कारण सांगायला नको. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचे, पीतज्वराची लस. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, साठीच्या पुढच्या माणसांनी ती घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवे, आणि तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. ते नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागू शकते. तेव्हा लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. पुन्हा सांगतो, दहा दिवस आधी. आणि स्वेटर.

नमस्कार.