रोहिणी दुर्बिणीतून बघू नका

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या पोटात'. पोटापर्यंत जाऊच. पण आधी बरीच वर्षं मनात असलेलं एक गाऱ्हाणं मांडून घेतो, कारण घरी ते आता कोणी ऐकत नाही. रोहिणी, म्हणजे पत्रिकेतला तो तांबडा राक्षसी ताराच, दुर्बिणीतून बघू नका. दुर्बीण चंद्राला लावा, गुरूला लावा, शनीला तर लावाच. रोहिणी ६५ प्रकाशवर्षं दूर. आपल्याकडची कुठलीही दुर्बीण लावलीत तरी ठिपक्याचा ठिपकाच दिसणार.

हे आकाशदर्शनाच्या संयोजकांना कोण सांगणार? एका रिसॉर्टवर मला बोलावलं होतं. डिसेंबर, अमावास्या जवळ, आकाश लख्ख. रिसॉर्टही लख्ख! बागेत हॅलोजन, झाडांना माळा, पोहण्याच्या तलावात निळे दिवे. मॅनेजरना म्हटलं, तासभर बंद करता का? तर म्हणाले, "सर, मग गेस्टना दिसणार कसं?" जाहिरातीत त्यांनी 'लाल महाकाय तारा पाहा' असं छापून कुठूनतरी उचललेलं चित्र टाकलं होतं. रक्तासारखा गोळा, वर ज्वाळा. मग रांग लागणारच. पहिले गृहस्थ वाकले, बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "फोकस गेलाय बहुतेक." दुसरे म्हणाले, "हा तर पिवळट आहे." तिसऱ्या बाईंनी मुलाला उचलून धरलं, त्याने दुर्बिणीलाच मिठी मारली, रोहिणी गेली कुठल्या कुठे. मी ती परत शोधतोय तोवर मागून एक आजोबा ओरडले, "अहो, तो बघा, तिकडे आहे लाल!" अख्खी रांग वळली. डोंगरावरच्या मोबाइल टॉवरचा दिवा. आणि खरं सांगायचं तर चित्राशी जुळणारा तेवढाच होता! त्या रात्री सगळ्यात जास्त फोटो त्याचे निघाले. माझं मानधन अजून यायचंय, पण तो विषय वेगळा.

तर रोहिणी लालभडक नसते. राख धरू लागलेल्या निखाऱ्याचा असतो तसा तिचा रंग, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. फक्त शेजारी दुसरा रंग लागतो. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्या रेषेत एकीकडे व्याध, दुसरीकडे रोहिणी, तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. आता मृगाच्या पायाशी राजन्य हा तारा बघा, निळसर पांढरा. मग रोहिणी. पुन्हा राजन्य, पुन्हा रोहिणी. दोन-चार फेऱ्यांत रंग असा काही उठून दिसतो की इतकी वर्षं आपण काय बघत होतो असं वाटतं. द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, असेल तर फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची बारीक चकती होते आणि रंग खुलतो. त्या पहिल्या गृहस्थांचा फोकस खरंच गेला असता तर बरं झालं असतं! आणि क्षितिजाजवळ निवाडा करू नका, तिथे हवा सगळ्यांनाच तांबडं करते. डिसेंबरच्या सुरुवातीला मध्यरात्री ती जवळजवळ डोक्यावर असते, तेव्हा बघा.

जाता जाता. कृष्णजन्म रोहिणी नक्षत्रावरचा. श्रावण वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि रोहिणी त्याच्या आसपासच असते. पंचांग आकाशात पडताळायची इतकी सोपी रात्र नाही. पण एक तर ढग, आणि नेमके तेव्हाच आपण सगळे आत पाळण्याची दोरी ओढत असतो. शेतकऱ्याची रोहिणी तर मेअखेरीस, तेव्हा सूर्यच तिच्या वाटेत उभा. नक्षत्र लागतं आणि तारा दिसत नाही!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पोट.

रोहिणीचं वस्तुमान सूर्यापेक्षा थोडंसंच जास्त. गाभ्यातला हायड्रोजन संपला, उरलेला हेलियमचा गाभा आकसून तापला, आणि त्याच्या भोवतालच्या कवचात हायड्रोजन पूर्वीपेक्षा जोरात जळू लागला. त्याने बाहेरचे थर फुगले. व्यास सूर्याच्या सुमारे ४५ पट. सूर्याच्या जागी ठेवली तर बुधापर्यंतचं निम्मं अंतर गिळेल. फुगली म्हणून पृष्ठभाग निवला: सूर्याचा सुमारे ५,८०० केल्विन, हिचा ३,९००. निवला म्हणून रंग असा, आणि अंग एवढं मोठं म्हणून तेज तरीही सूर्याच्या ४०० पट. आपल्या सूर्याचंही ५ अब्ज वर्षांनी हेच होणार.

व्यास कळतो कसा? एक वाट पिधानाची. चंद्र तिला झाकतो तेव्हा ती एका क्षणात विझत नाही, सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग घेते. त्या वेळेवरून व्यास निघतो. अशी पिधानं २०१५ ते २०१८ दर महिन्याला कुठून ना कुठून दिसत होती, पुढची मालिका २०३३ पासून. आणि माझा मुद्दा इथेच आहे. इ.स. ५०९ मध्ये अथेन्समध्ये कोणीतरी असंच पिधान नोंदवून ठेवलं. दुर्बीण कुठली तेव्हा! त्या नोंदीच्या आधाराने १७१८ साली हॅलेने, धूमकेतूवाल्यानेच, दाखवलं की रोहिणी जागची हललेली आहे. स्थिर मानलेले तारे सरकतात, हे त्यातून पुढे आलं. व्याध आणि स्वातीही त्यात होते, पण...

अध्यक्ष उभे राहिले. एकच सांगतो. १९७२ साली सोडलेलं पायोनियर १० हे अंतराळयान रोहिणीच्या दिशेने निघालंय. तेवढं अंतर कापायला त्याला २० लाख वर्षं लागतील, आणि इथे मला दोन मिनिटं वाढवून मिळत नाहीत.