बोरूची झोपडी

बाराव्या शतकाची अखेर. अंदलूस, म्हणजे आजच्या स्पेनचा दक्षिण भाग. सेव्हिलमध्ये एक तरुण स्वतःच्या हातांनी बोरूच्या काड्यांची झोपडी बांधतोय. उंची आत राहणाऱ्या बाईएवढीच.

बाईचं नाव फातिमा. वय नव्वदीच्या पुढे. लोक दारापुढे टाकतील त्यावर गुजराण. पण गाल असे लालबुंद, की तिच्या चेहऱ्याकडे बघायलाही संकोच वाटायचा, असं त्या तरुणानंच लिहून ठेवलंय. त्यानं तिची सेवा केली, तिला गुरू मानलं. मी तुझी रूहानी, म्हणजे आत्म्याची, आई, असं ती त्याला म्हणायची.

हा तरुण म्हणजे पुढे थोर सूफी विचारवंत झालेला इब्न अरबी. जन्म ११६५, मुर्सिया. मृत्यू १२४०, दमास्कस.

सूफींची लढाई नफ्सशी, आपल्यातल्या 'मी'शी. मी पुरुष म्हणून मी वरचढ, हाही नफ्सचाच माज. 'इन्सान-ए-कामिल', म्हणजे परिपूर्ण माणूस, होण्याची वाट इब्न अरबीनं बाईलाही मोकळी ठेवली. पुरुषांच्या नमाजाची इमामत, म्हणजे पुढे उभं राहून नमाज पढवणं, बाईनं करावी का? करावी, असं त्याचं मत. २००५ मध्ये न्यूयॉर्कला इस्लामच्या अमेरिकन अभ्यासक अमीना वदूद यांनी स्त्री-पुरुषांच्या जमातीपुढे जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, नमाज पढवली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! इब्न अरबी तर त्याच्या आठशे वर्षं आधीचा.

अर्थात, पुरुषाला वरची पायरी देणारी वाक्यंही त्याच्याकडे आहेत. ती झाकून कशाला ठेवायची? केप टाऊनच्या अभ्यासक सादिया शेख ती वाचतात, त्यांच्याशी भांडतात आणि इस्लामी स्त्रीवादासाठी याच परंपरेतून आधार शोधतात.

इब्न अरबीचा विचार आपल्या किनाऱ्यावर रुजवला तो माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी यांनी. त्याच्या ग्रंथावर त्यांनी अरबीत भाष्य लिहिलं. माहीमच्या दर्ग्यात त्यांच्या शेजारी त्यांच्या आईची कबर आहे.

तिथून थोड्याच अंतरावर, समुद्रात, हाजी अलीचा दर्गा. इथे बायका मजारीपर्यंत, म्हणजे संताच्या कबरीपर्यंत, जात होत्या. २०१२ मध्ये लक्षात आलं, की दार बंद झालंय. पुरुष संताच्या कबरीजवळ बाईनं जाणं पाप, असं ट्रस्टचं म्हणणं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण कोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी उठवली. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे नमला.

नोव्हेंबरच्या अखेरीस बायका आत गेल्या, हातात फुलं आणि चादर. नवी व्यवस्था अशी होती: मजारीला हात कुणीच लावायचा नाही. बाई असो की पुरुष, अंतर सारखंच.