पुळण येते कुठून?

किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उभे राहा. लाट परत फिरली की टाचेखालची वाळू सरकते आणि पाय थोडा रुततो. आज मला जे सांगायचंय ते त्या सरकत्या वाळूबद्दल आहे. आपण किनाऱ्याला जमीन समजतो आणि तिथेच चुकतो.

लाट बहुधा किनाऱ्याला तिरकी येते आणि वाळूचा कण तिरका वर चढवते. परतणारं पाणी मात्र उताराने सरळ खाली धावतं. वर तिरकं, खाली सरळ, असं करत तो कण किनाऱ्याच्या कडेकडेने मैलोन्‌मैल जातो. त्या वाटेत दगडी बांध आडवा घातला की एका बाजूला वाळू साचते आणि पलीकडचा किनारा उपाशी राहून झिजतो. वादळी लाटा पुळण ओरबाडून समोरच्या उथळ पाण्यात नेऊन टाकतात. समुद्र निवला की लांबून येणाऱ्या संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात, पण त्याला वेळ लागतो. दोन वादळांमध्ये तेवढी उसंत मिळायला हवी.

आता उष्ण समुद्रातल्या पांढऱ्या पुळणीची चिमूटभर वाळू भिंगाखाली धरा. त्यात दगडाचा चुरा फारसा नसतोच. दिसतात ते प्रवाळाचे, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणाऱ्या इवल्या सागरी प्राण्यांच्या वसाहतींचे तुकडे, शिंपल्यांच्या कपच्या, सूक्ष्मजीवांची कवचं. पॅरटफिश नावाचा मासा मृत प्रवाळ चोचीसारख्या दातांनी खरवडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना वाळू करून बाहेर टाकतो. मला हे दर वेळी तितकंच अद्भुत वाटतं.

अशा सांगाड्यांचे थर साचून बनलेली प्रवाळभिंत वाळू पुरवते आणि लाटाही अडवते. उथळ पाण्यात लाट उंच राहू शकत नाही, ती फुटते. जगभरच्या मोजमापांवरून २०१४ साली काढलेला निष्कर्ष असा, की प्रवाळभिंती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा जिरवतात. त्यातलीही बहुतेक भिंतीच्या माथ्यावरच जिरते.

पण पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं, अन्न पुरवणारं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपासमार सुरू होते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली हे मोठ्या प्रमाणावर घडलं. वर्षांमधली अंतरं बघा. मोठी प्रवाळं सावरायला दहा वर्षंही पुरत नाहीत.

मेलेली भिंत स्पंज आणि समुद्री साळिंदरं (सी अर्चिन हे काटेरी, गोल सागरी प्राणी) पोखरतात, तिचा खडबडीतपणा जातो. वरून समुद्राची पातळी चढतेय. माथ्यावरचं पाणी खोल झालं की जी लाट तिथे फुटायची, ती न फुटता आत शिरते.

तरी ‘बेटं बुडतायत’ एवढं म्हणून थांबू नका. प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाच्या बेटांची हवाई आणि उपग्रह छायाचित्रं तपासली, तेव्हा १९७१ ते २०१४ या काळात तिथली जमीन एकूण २.९ टक्के वाढलेली निघाली. काही बेटं झिजली, पण बरीच वाढली, कारण लाटांनीच त्यांच्यावर वाळू आणि प्रवाळाचे तुकडे आणून टाकले.

म्हणून प्रवाळ मेल्यावर काही ठिकाणी चुरा वाढतो आणि पुळण उलट भरल्यासारखी दिसते, तेव्हा मला जास्त धास्ती वाटते. नवं प्रवाळ वाढत नसेल, तर ती वाळू म्हणजे मोडलेली ठेव आहे. व्याज नव्हे, मुद्दल.